नारिंगी पूड म्हणजे पुरावा नव्हे: प्रकाश-उत्प्रेरक सच्छिद्र चौकटीत कसा बसवावा

बाटलीच्या तळाशी छान नारिंगी पूड जमली की नवशिक्याला वाटतं, झालं काम. मलाही वाटलं होतं. चौकटीची, म्हणजे आतून पोकळ स्फटिकी पदार्थाची, मूळ पूड पांढरी. आपला प्रकाश-उत्प्रेरक, म्हणजे प्रकाश शोषून अभिक्रिया चालवणारं रुथेनियम धातूचं संयुग, नारिंगी. पांढऱ्याचं नारिंगी झालं म्हणजे रुथेनियम आत गेलं, असा माझा सरळ हिशेब. पण रुथेनियम कणांच्या पाठीवर नुसतं चिकटलं तरी पूड नारिंगीच दिसते. छिद्रांत सैल पडून राहिलं तरी नारिंगी. चौकट ढासळून ढिगाऱ्यात अडकलं तरीही नारिंगी. आणि खरोखर भिंतीत बसलं, तरी रंग तोच. हे चारही नमुने डोळ्यांना सारखे दिसतात, प्रकाशात मात्र चार तऱ्हांनी वागतात. खालच्या पद्धतीत बनवण्याचं काम थोडं आहे. बराचसा वेळ हे चार नमुने वेगळे ओळखण्यातच जातो, आणि तो जाऊ द्यावा.

ज्यांची नुसती तोंडओळख आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. धातूच्या अणूंचे छोटे झुबके म्हणजे सांधे, आणि दोन्ही टोकांना कार्बोक्सिल गट असलेले कडक सेंद्रिय रेणू म्हणजे वासे. या सांध्या-वाशांची द्रावणात आपोआप उभी राहणारी, आतून पोकळ, स्फटिकी इमारत म्हणजे धातू-सेंद्रिय चौकट, बोलताना एमओएफ. वाशाला लॅबमध्ये सगळे लिंकर म्हणतात, मीही तेच म्हणेन. ओमार याघी यांच्या गटाचं एमओएफ-५ १९९९ साली प्रसिद्ध झालं. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि याघी यांना याच विषयासाठी मिळालं. एक ग्रॅम पुडीच्या आत हजार-दोन हजार चौरस मीटर पृष्ठफळ सहज भरतं. एवढी जागा पाहून तिथे काहीतरी बसवावंसं वाटणं साहजिक आहे.

पिंजरा कशाला, ते आधी वहीत लिहा

"छिद्रात घातला की उत्प्रेरक जास्त जोरात चालतो" हा समज पहिल्यांदा डोक्यातून काढा. पुष्कळदा उलटंच होतं. द्रावणात मोकळ्या फिरणाऱ्या रेणूला अभिक्रियक सहज भेटतो. तोच रेणू आत बसवला की अभिक्रियकाला बोळाबोळातून वाट काढत यावं लागतं, तयार झालेल्या पदार्थाला त्याच बोळातून बाहेर पडावं लागतं, आणि प्रकाशाचा बराच भाग पुडीवरून विखरून वाया जातो. हा सगळा तोटा सोसून काय मिळवायचं आहे, ते एका वाक्यात लिहिता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

मला सगळ्यांत पटणारं कारण म्हणजे रेणूंना एकमेकांपासून लांब ठेवणं. मँगनीजचं बायपिरिडिन-ट्रायकार्बोनिल संयुग घ्या. कार्बन डायऑक्साइडच्या क्षपणासाठी (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन दुसरा पदार्थ बनवण्यासाठी) ते चांगलं आहे, पण द्रावणात त्याला इलेक्ट्रॉन मिळाला की ते आपला ब्रोमाइड सोडतं आणि दोन मँगनीज जोडी जमवून बसतात. तेच मँगनीज चौकटीच्या भिंतीला खिळलेलं असेल तर शेजाऱ्याकडे जायला त्याला पायच नाहीत. सेठ कोहेन आणि क्लिफर्ड क्युबियाक यांच्या गटांनी २०१५ साली हेच यूआयओ-६७ या चौकटीत करून दाखवलं आणि फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचं आयन) मिळवलं. हे कारण भक्कम आहे, कारण ते तपासता येतं: तोच रेणू मोकळा आणि खिळलेला, दोन्ही चालवून बघायचे.

उत्प्रेरक गाळून परत मिळतो, हे दुसरं कारण. ते खरं आहे, पण तेवढ्यासाठी चौकट लागते असं नाही; साध्या सिलिकावरही ते जमतं. तिसरं कारण मजेशीर आहे. प्रकाश शोषणारे रेणू चौकटीत ठराविक अंतरावर बसले की एकाने शोषलेली ऊर्जा शेजाऱ्याकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे अशी हातोहात जाते. योग्य जागी उत्प्रेरक बसवला तर सगळी चौकट त्याच्यासाठी अँटेनासारखी राबते. मात्र गर्दी जास्त झाली तर तीच ऊर्जा वाटेत विझते. म्हणून भरपूर रुथेनियम भरलेला नमुना बहुधा सर्वांत चांगला नसतो.

घराची निवड

निवड करताना दोनच मापं आधी बघा: पोकळीचा व्यास आणि खिडकीचा व्यास. नवखी मंडळी पोकळी बघतात आणि खिडकी विसरतात.

आपलं नारिंगी संयुग म्हणजे रुथेनियम ट्रिसबायपिरिडिन. त्याचा व्यास साधारण १२ ते १३ अँगस्ट्रॉम (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर). यूआयओ-६६ची खिडकी सुमारे ६ अँगस्ट्रॉम, यूआयओ-६७ची सुमारे ८. म्हणजे तयार संयुग बाहेरून आत शिरायला दोन्हीकडे वाट नाही. (चौकटीत काही लिंकर जागेवर नसतात, तिथे खिंडार पडतं आणि थोडं आत सरकतं, पण त्या भरवशावर प्रयोग आखू नये.) एमआयएल-१०१ला सुमारे १२ आणि १६ अँगस्ट्रॉमच्या खिडक्या आहेत. तिथे मोठ्या खिडकीतून संयुग सहज आत जातं. तितक्याच सहज बाहेरही येतं. झेडआयएफ-८ची खिडकी कागदावर ३.४ अँगस्ट्रॉम, मोठ्या अभिक्रियकांचं काम असेल तर तिकडे फिरकू नका.

मी नव्या विद्यार्थ्याच्या हातात यूआयओ-६७ देते. ओस्लो विद्यापीठात २००८ साली सापडलेल्या कुटुंबातली ही चौकट. नावातली तीन अक्षरं तिथलीच. सहा झिर्कोनियमचा सांधा आणि त्याला बारा बाजूंनी बारा लिंकर, म्हणून एखाद-दुसरा लिंकर निखळला तरी इमारत उभी राहते. आणि मुख्य म्हणजे हिचा लिंकर बायफिनाइल डायकार्बोक्सिलिक आम्ल. त्याच्या जागी तेवढ्याच लांबीचं बायपिरिडिन डायकार्बोक्सिलिक आम्ल चपखल बसतं, आणि बायपिरिडिनला धातू पकडता येतो. सगळी युक्ती या एका योगायोगावर उभी आहे.

टायटॅनियमच्या अमिनो-एमआयएल-१२५चं नाव तुम्ही वाचलं असेल. तिथे चौकट स्वतःच दृश्य प्रकाश शोषते, तेव्हा घर आणि पाहुणा एकच. छान पदार्थ आहे, पण आजचा विषय तो नाही.

एक इशारा. झिर्कोनियमच्या चौकटी "फार टिकाऊ" म्हणून प्रसिद्ध आहेत. आम्लात त्या खरंच टिकतात. फॉस्फेट बफरमध्ये मात्र नाही. फॉस्फेट झिर्कोनियमला लिंकरपेक्षा घट्ट पकडतं आणि चौकट उलगडत जाते. तीव्र अल्कलीतही तेच. तुमची अभिक्रिया फॉस्फेटमध्येच होणार असेल तर घर बदला.

आत नेण्याच्या वाटा

पहिली वाट भिजवण्याची: चौकट उत्प्रेरकाच्या द्रावणात रात्रभर ठेवायची. सोपी, म्हणून सगळे आधी हेच करतात, आणि सर्वांत फसवी तीच.

दुसरी वाट बाटलीतल्या जहाजाची. सुटे भाग खिडकीतून आत न्यायचे आणि जोडणी पोकळीत करायची. जोडलेलं संयुग मग खिडकीतून बाहेर पडू शकत नाही. ही कल्पना एमओएफच्या आधीची आहे. झिओलाइट वायमध्ये १.३ नॅनोमीटरची पोकळी आणि ०.७४ नॅनोमीटरची खिडकी असते; तिच्यात रुथेनियम ट्रिसबायपिरिडिन जागेवरच तयार करून त्याचा प्रकाश १९८० सालीच तपासला गेला होता.

तिसरी वाट म्हणजे उत्प्रेरकालाच लिंकर करणं. रुथेनियमच्या एका बायपिरिडिनवर दोन कार्बोक्सिल गट ठेवायचे आणि चौकट बांधतानाच थोडे साधे लिंकर वगळून हे घालायचे. वेनबिन लिन यांच्या गटाने २०११ साली यूआयओ-६७मध्ये रुथेनियम, इरिडियम आणि ऱ्हेनियमची संयुगं अशीच बसवली होती. वासाच रंगीत, तेव्हा तो सुटून जाण्याचा प्रश्न कमी. मी हीच वाट धरते, आणि कृतीही तिचीच देते.

कृती

झिर्कोनियम टेट्राक्लोराइड ४७ मिलिग्रॅम (०.२ मिलिमोल), बायफिनाइल डायकार्बोक्सिलिक आम्ल ४६ मिलिग्रॅम (०.१९ मिलिमोल), कार्बोक्सिल गटवाला रुथेनियम लिंकर क्लोराइड क्षाराच्या रूपात ७.३ मिलिग्रॅम (०.०१ मिलिमोल), बेंझोइक आम्ल ७३० मिलिग्रॅम (सुमारे ६ मिलिमोल), आणि १० मिलिलिटर डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, द्रावक). बेंझोइक आम्ल चुकून जास्त लिहिलेलं नाही, झिर्कोनियमच्या ३० पट घ्यायचंच आहे. ते लिंकरशी सांध्यावरच्या जागेसाठी भांडतं, त्यामुळे जोडणी सावकाश होते आणि स्फटिक नीट वाढतात. ते वगळून बघा: पांढरट चिकट गोळा मिळेल आणि एक्सआरडीत (स्फटिकाची रचना तपासणाऱ्या क्ष-किरण विवर्तनात) टेकडीसारखा एकच फुगवटा.

झिर्कोनियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा धूर सोडतं, म्हणून वजन फ्यूम हूडमध्ये आणि झटपट. बाटली जुनी, दहा हातांनी उघडलेली असेल तर त्याच कृतीतून दर वेळी वेगळा माल निघतो. एकदा तीन आठवडे मी लिंकरला दोष देत होते. दोष बाटलीच्या सैल झाकणाचा होता. तेव्हापासून उघडल्याची तारीख बाटलीवर लिहिते.

आधी क्लोराइड आणि बेंझोइक आम्ल डीएमएफमध्ये पाच-दहा मिनिटं अल्ट्रासोनिक बाथमध्ये विरघळवा, मग लिंकर घाला. झाकणाची काचेची बाटली १२० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये २४ तास. बाटली दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, आणि ओव्हन बंद केल्यावर आतच थंड होऊ द्या. डीएमएफ त्वचेतून शरीरात जातं आणि गर्भाला घातक आहे. हातमोजे भिजले की लगेच बदला, "एवढं संपवते आणि मग" नको.

मिश्रणात ५ टक्के रुथेनियम लिंकर घातला म्हणून चौकटीत ५ टक्केच बसला असं नसतं. तो जाडजूड असल्याने कमी बसू शकतो, किंवा शेवटी शेवटी वाढणाऱ्या थरात जास्त जमू शकतो. खरा आकडा नंतर मोजायचा आहे.

धुणं

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. सेंट्रिफ्यूज करा, वरचं नितळ द्रावण काढा, साका ताज्या डीएमएफमध्ये हलवा, आणि या वेळी डीएमएफ ७० अंशांच्या आसपास गरम घ्या, कारण छिद्रांत घट्ट बसलेलं बेंझोइक आम्ल थंड डीएमएफला दाद देत नाही. तीन वेळा. प्रत्येक वेळचं नितळ द्रावण फेकू नका. क्यूव्हेटमध्ये घेऊन ४५० नॅनोमीटरजवळ शोषण मोजा. रुथेनियमचा मोलर शोषणांक तिथे सुमारे १४,६०० असल्याने अगदी थोडं सुटलेलं असलं तरी दिसतं. शोषण शून्यावर येऊन सलग दोन धुण्यांत शून्यच राहिलं, तर धुणं झालं. डोळ्यांना रंगहीन दिसणं पुरेसं नाही.

मग डीएमएफ हटवायला अॅसिटोन. दिवसातून दोनदा बदलत तीन दिवस. या तीन दिवसांचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. ती कथा कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी करायच्या प्रयोगांच्या, वेळी सांगते. यूआयओ-६७ कधीही पाण्यातून थेट वाळवू नका. पाण्याचा पृष्ठताण मोठा. वाळताना ते छिद्रांच्या भिंती आत ओढतं आणि चौकट बसते. अॅसिटोनमधून वाळवली तर तो ताण बराच कमी पडतो. शेवटी व्हॅक्यूममध्ये १०० ते १२० अंशांवर रात्रभर.

खरंच आत आहे का?

एक्सआरडी पहिली. तांब्याच्या किरणांवर यूआयओ-६७ची पहिली दोन शिखरं २-थीटा ५.७ आणि ६.६ अंशांजवळ येतात. ती टोकदार हवीत. पण एक्सआरडी फक्त चौकट उभी आहे एवढंच सांगते, रुथेनियम कुठे आहे ते सांगत नाही. लेखात नुसता एक्सआरडीचा आलेख दाखवून "यशस्वीरीत्या बसवलं" असं लिहिलेलं दिसलं की मी पान उलटून पुढचे पुरावे शोधते.

दुसरं, नायट्रोजन शोषण. रिकाम्या यूआयओ-६७चं बीईटी पृष्ठफळ (या शोषणावरून काढलेलं) २,५०० चौरस मीटर प्रतिग्रॅमच्या आसपास येतं. रुथेनियम लिंकर आत बसला असेल तर ते काही प्रमाणात घटायला हवं: वजन वाढलं आणि जागा अडली. अजिबात घटलं नाही तर रुथेनियम बाहेर असण्याची शंका घ्या. दोन-तीनशेवर आलं तर चौकट कोसळली किंवा छिद्रं तुंबली.

तिसरं, प्रमाण. सुमारे ५ मिलिग्रॅम पूड सोडियम ड्युटेरॉक्साइडच्या द्रावणात विरघळवा. झिर्कोनियम ऑक्साइडच्या रूपात खाली बसतं, लिंकर वर द्रावणात येतात. त्याचं एनएमआर (चुंबकीय अनुनादाचा आलेख) घेतलं की साधा लिंकर, रुथेनियम लिंकर आणि राहिलेलं बेंझोइक आम्ल तिन्ही एकाच आलेखात मोजता येतात. आयसीपीसाठी (धातूचं प्रमाण मोजणाऱ्या तपासणीसाठी) नमुना विरघळवताना मात्र जपून: फार तीव्र ऑक्सिडीकारक वापरला तर रुथेनियमचा टेट्रॉक्साइड बनून उडून जातो, तो विषारीही आहे, आणि तुमचा आकडा कमी येतो. पडताळ्यासाठी हिशेब असा: यूआयओ-६७च्या एका सूत्राचं वजन सुमारे २,१२१, त्यात सहा लिंकर. त्यांतले ५ टक्के रुथेनियमवाले असतील तर एका ग्रॅममध्ये साधारण ०.१३ मिलिमोल रुथेनियम, वजनाने सुमारे १.३ टक्के. तुमचा आकडा ५ टक्के आला असेल तर आनंद नको. काहीतरी धुतलं गेलेलं नाही.

आणि चौथी, माझी आवडती तपासणी. रुथेनियम प्रकाशात उजळतं, ६१० नॅनोमीटरच्या आसपास लाल-नारिंगी. एक छोटा विझवणारा रेणू घ्या, जो खिडकीतून जाईल, आणि एक धिप्पाड, जो जाणार नाही. छोट्याने उजेड विझला आणि धिप्पाडाने जवळजवळ तसाच राहिला, तर रुथेनियम आत आहे. दोघांनी सारखाच विझला, तर ते कणांच्या पाठीवर बसलं आहे. यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही, साधा फ्लुओरिमीटर पुरतो.

रुथेनियम प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन पुढे देतं, मँगनीज त्या इलेक्ट्रॉनांनी क्षपण करतं. ते मँगनीजही बसवायचं असेल तर साध्या लिंकरऐवजी काही बायपिरिडिन लिंकर घालून चौकट बांधा आणि तयार, धुतलेल्या, वाळलेल्या पुडीला नंतर मँगनीज पेंटाकार्बोनिल ब्रोमाइड द्या, इथरमध्ये, खोलीच्या तापमानाला. आणि अंधारात, कारण मँगनीज कार्बोनिलं प्रकाशात तुटतात. बाटली फॉइलमध्ये गुंडाळा, खोलीतला दिवा मंद ठेवा. बसल्याची खूण इन्फ्रारेडमध्ये: २०२५ आणि १९२० ते १९४०च्या आसपास कार्बोनिलच्या रेघा.

प्रकाशाखाली

४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी, बाजूला पंखा, मध्ये चुंबकी ढवळणी. पंखा विसरू नका. एलईडीजवळ बाटली तापते आणि तापमानाने वाढलेला वेग प्रकाशाच्या नावावर जमा होतो. डोळ्यांना नारिंगी चष्मा, कारण निळा एलईडी डोळ्यांना इजा करतो आणि ती इजा लगेच कळत नाही.

पांढरा झेनॉन दिवा असेल तर ४२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश फिल्टरने काढा. इलेक्ट्रॉन पुरवणारा बेंझिल डायहायड्रोनिकोटिनामाइड (लॅबमध्ये बीएनएएच) जवळच्या अतिनीलमध्ये स्वतःच प्रकाश शोषतो, मग कोण काम करतंय ते कळेनासं होतं.

हवेतला ऑक्सिजन रुथेनियमची उत्तेजित अवस्था विझवतो, म्हणून तो काढावा लागतो. वीस-तीस मिनिटं आर्गॉन सोडा, किंवा गोठवा-ओढा-वितळवा ही फेरी तीनदा करा. फेरीत द्रव नायट्रोजन वापरत असाल तर त्यात बुडालेल्या फ्लास्कमध्ये आर्गॉन सोडू नका. आर्गॉनचा उत्कलनबिंदू नायट्रोजनपेक्षा जास्त आहे. तो आत द्रव होऊन साठतो, आणि फ्लास्क बंद करून गरम झाला की फुटतो. तसंच गळक्या जोडातून हवा आत ओढली गेली तर द्रव ऑक्सिजन जमतो, फिकट निळा. तो दिसला तर नायट्रोजनमधून भांडं काढू नका, व्हॅक्यूम बंद करू नका, आणि वरिष्ठांना बोलवा.

कणांचा आकार इथे पुन्हा डोकं वर काढतो. वर सांगितलेल्या नमुन्यात रुथेनियमची स्फटिकातली संहती साधारण ०.१ मोलर पडते. त्या शोषणांकाने हिशेब केला तर सुमारे ७ मायक्रोमीटर आत जाईपर्यंत ४५० नॅनोमीटरचा ९० टक्के प्रकाश संपतो. म्हणजे ३० मायक्रोमीटरच्या देखण्या स्फटिकाचा गाभा कायम अंधारात. तिथलं रुथेनियम नुसतं वजन वाढवतं. शिवाय अभिक्रियकाला आत पोचायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो: कण दसपट लहान केला तर वेळ शंभरपट कमी. एक्सआरडीसाठी मोठे स्फटिक, कामासाठी अर्ध्या मायक्रोमीटरचे. मी बेंझोइक आम्ल कमी-जास्त करून दोन्ही बनवून ठेवते.

कंट्रोल, आणि माझे वाया गेलेले सहा आठवडे

कार्बन डायऑक्साइडपासून फॉर्मेट मिळवायचं होतं. द्रावक डीएमएफ, इलेक्ट्रॉन द्यायला ट्रायइथॅनॉलअमाइन, आणि माझी नारिंगी पूड. पहिल्याच दिवशी एनएमआरमध्ये फॉर्मेटचं शिखर आलं. दुसऱ्या दिवशी आणखी उंच. सहा आठवडे मी तापमान, वेळ, रुथेनियमचं प्रमाण असं एकेक बदलून तक्ते भरत होते. मग एका वरिष्ठ सहकाऱ्याने सहज विचारलं, "कार्बन डायऑक्साइडच्या जागी आर्गॉन भरून पाहिलंस?" पाहिलं. फॉर्मेट तेवढंच.

डीएमएफ पाण्याच्या अंशाने, विशेषतः अमाइनसोबत, हळूहळू फुटतं आणि फॉर्मेट व डायमिथाइलअमाइन देतं. माझं फॉर्मेट द्रावकातून येत होतं. द्रावक बदलून अॅसिटोनायट्राइल घेतलं, तरी थोडं येतच राहिलं, कारण पूड धुताना मी अॅसिटोनचा एकच हात फिरवला होता आणि छिद्रांमध्ये डीएमएफ तसंच बसलेलं होतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझ्या उत्प्रेरकाची गत.

तेव्हा कंट्रोलची यादी प्रयोगाच्या आधी लिहायची, निकाल चांगला आल्यावर नाही. सगळं आहे पण अंधार. सगळं आहे पण आर्गॉन. प्रकाश आहे पण पूड नाही. रिकामी चौकट, रुथेनियमशिवाय. रुथेनियमची चौकट, मँगनीजशिवाय. ही सगळ्यांत जास्त वगळली जाते, आणि वगळू नये, कारण रुथेनियमचं संयुग प्रकाशात एखादं बायपिरिडिन गमावतं आणि उरलेला तुकडा स्वतःच कार्बन डायऑक्साइडचं क्षपण करू शकतो. शेवटी तेवढ्याच मोलांचं मोकळं संयुग द्रावणात.

त्यावर कार्बन-१३ असलेला कार्बन डायऑक्साइड. फॉर्मेट खरंच त्यातून आलं असेल तर प्रोटॉन एनएमआरमध्ये फॉर्मेटचं एकटं शिखर दुभंगून सुमारे १९५ हर्ट्झ अंतराची जोडी दिसते. मध्ये एकटं शिखर उरलं असेल तर तेवढा भाग दुसरीकडून आलेला. याहून स्वच्छ उत्तर या विषयात क्वचितच मिळतं. तो वायू महाग असतो म्हणून लोक टाळतात. माझे सहा आठवडे त्याहून महाग पडले.

सोप्या सेंद्रिय अभिक्रियांनाही हीच शिस्त. फिनाइल टेट्राहायड्रोआयसोक्विनोलिन आणि नायट्रोमिथेनची अझा-हेन्री अभिक्रिया नव्या प्रकाश-उत्प्रेरकाची परीक्षा म्हणून फार वापरली जाते. ती उत्प्रेरक नसतानाही प्रकाशात आणि हवेत थोडीफार होतेच. तेवढी वजा केल्याशिवाय आकडा सांगू नये.

गळतीची चाचणी अशी: अर्ध्या वेळेला दिवा बंद, ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून द्रावण गाळा, आणि गाळलेलं द्रावण पुन्हा त्याच दिव्याखाली ठेवा. उत्पादन वाढत राहिलं तर काम सुटून आलेला रेणू करतोय. गाळलेलं द्रावण अंधारात ठेवून "वाढ थांबली" असं लिहिणारेही मी पाहिले आहेत.

आकडे

दर ग्रॅममागे दर तासाला किती मायक्रोमोल, हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. पूड कमी घेतली की तो आपोआप फुगतो. टर्नओव्हर (धातूच्या एका अणूमागे तयार झालेले उत्पादनाचे रेणू) द्या, आणि भाजक म्हणून मोजलेलं धातूचं प्रमाण वापरा. वरच्या नमुन्याच्या ५ मिलिग्रॅममध्ये साधारण ०.६६ मायक्रोमोल रुथेनियम. त्यातून १० मायक्रोमोल उत्पादन म्हणजे टर्नओव्हर पंधरा. ठीक, पण मिरवण्यासारखं नाही.

दुसरा आकडा फोटॉनांचा. ४५० नॅनोमीटरच्या एक मोल फोटॉनांची ऊर्जा सुमारे २६६ किलोज्यूल. बाटलीवर ५० मिलिवॅट पडत असतील तर तासाभरात सुमारे ६८० मायक्रोमोल फोटॉन येतात. १० मायक्रोमोल फॉर्मेटला दोन-दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणजे २०. भागिले ६८०, जवळपास ३ टक्के. मिलिवॅटचा आकडा दिव्याच्या खोक्यावरून घेऊ नका. त्याच बाटलीत, त्याच जागी फेरिऑक्सलेटचं (फोटॉन मोजायला वापरतात त्या रसायनाचं) द्रावण ठेवून मोजा; ते काम अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली करायचं, एका दुपारीत होतं.

पुन्हा वापरताना

पूड गाळा, अॅसिटोनायट्राइलने धुवा, वाळवा, पुन्हा लावा, हे सगळे करतात. तीन फेऱ्यांनंतर एक्सआरडी पुन्हा घ्या, आणि पृष्ठफळही. हे थोडेच करतात. ट्रायइथॅनॉलअमाइन अल्कधर्मी आहे, ते चौकट हळूहळू कुरतडतं, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत ते दिसत नाही. तुलना करताना फेरी पूर्ण होईपर्यंत वाट पाहू नका. सुरुवातीच्या तासाचा वेग मोजा, नाहीतर अर्धा मेलेला उत्प्रेरकही रात्रभरात तेवढंच उत्पादन देऊन तुम्हाला फसवेल.

उत्पादन घटलं आणि रंग तसाच असेल तर छिद्रं तुंबलेली असण्याची शक्यता जास्त: गरम डीएमएफ, मग अॅसिटोनचे तीन दिवस, आणि पुन्हा एकदा चालवून बघा. पूड फिकट पडली असेल आणि नितळ द्रावण नारिंगी असेल तर रुथेनियम लिंकर निघून गेला आहे. पूडही फिकट आणि द्रावणही फिकट असेल तर संयुगच प्रकाशात मोडलं. या दोन्ही वेळी धुण्यात दिवस घालवू नका. झिर्कोनियम क्लोराइडची नवी बाटली उघडा आणि तिच्यावर तारीख लिहा.